तळ्याची हद्द

फोंड्याच्या मोजणी कचेरीतून मला पाठवलं होतं
सत्त्याहत्तर साली, साखळी आणि दोन शिपाई देऊन:
बोरीच्या डोंगरामागचं तळं मोजायचं,
त्याला चार बाजू द्यायच्या, एक क्रमांक.

जानेवारी होता. पाणी बांधाला टेकलेलं.
साखळी ताणली की चिखल ती मागे ओढायचा
आणि शिपाई म्हणायचे, साहेब, पाय जातोय.
या काठाला केवड्याची बनं,
त्या काठाला देवभात, कुणी न पेरलेलं.
ते कुणी कापतही नसे. ते अडयांचं.
शीळ घालत त्या शेकड्यांनी उठायच्या
आणि माझे आकडे चुकायचे.

मध्ये कमळपक्षी. लांब बोटांचा.
पानावरून पानावर असा चालत गेला
जसा कागदावरून माझा टाक कधी गेला नाही,
एकही डाग न पाडता.

इनास मानशीच्या दगडावर बसलेला असायचा.
फळ्या त्याच्या ताब्यात, आधी त्याच्या बापाच्या.
कानावर विडी. मी विचारलं,
तळं कुठं संपतं?
“खंयच्या म्हयन्याचें?”
मी म्हणालो, कायमचं.
तो हसला नाही. विडी काढली, हुंगली, परत ठेवली.
“पावसांत देखळो वयर सरता,
तणांत तांतयां घालता. थंय मेरेन.”

देखळो म्हणजे मरळ.
तो चढेल तिथवर, अंडी घालेल तिथवर!
असा रकाना नव्हता माझ्या फॉर्मात.

मी मार्चपर्यंत थांबलो. फळ्या निघाल्या,
पाणी खाली वायंगणात गेलं,
काठ सुकला, भेगाळला,
आणि साखळी पहिल्यांदा सरळ राहिली.
खुंट मारले. त्यांच्या आतलं तळं, बाहेरचं पडीक.
एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून तेच आहे.
सगळे म्हणायचे, अक्षर सुरेख आहे तुमचं.

आता मुलीकडे बेतोड्याला असतो.
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
तेव्हापासून निळं जास्तच निळं दिसतं.
सकाळच्या बसने येतो, बांधावर बसतो.
फळ्यांच्या जागी लोखंडी दार, गंजून अर्धं उघडं.
इनास गेला. त्याची सून पिएदाद म्हशीसाठी गवत कापते,
मला विचारते, आज किती भरली?
मी पक्षी मोजतो असं तिला वाटतं.

जांभळ्या कोंबड्या माझ्या खुंटांपलीकडे चरतात.
लव्हाळ्याचा देठ एका पायात धरून
सोलून खातात, माणसं ऊस खातात तशा.
तिरंदाज तळ्यात बुडी मारतो, पडीकात वर येतो,
नुसती मान, इकडेतिकडे बघत,
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी.
मग भोवत्याची सावली पडते
आणि सगळी बदकं एकदम,
थान फाडल्याचा आवाज, आभाळभर,
मग हळूहळू, दोन दोन करत, परत पाणी.

डिसेंबरात दोन मुलं आली होती हातात टॅबलेट घेऊन.
काका, इथलं पडीक कुठून सुरू होतं?
भराव घालायचा होता.
मी हात वर केला दाखवायला.
आणि तो हात कुठं न्यायचा ते मला कळेना.
त्यांनी आपसांत पाहिलं. म्हातारा आहे.

जुलैत गेलो. मुलगी ओरडली, गेलो.
पिएदादने स्वतःचे गमबूट दिले, घट्ट होतात.
छत्री तिच्या हातात, काठी माझ्या.
सातवा खुंट सापडला, पोटरीभर पाण्याखाली,
शेवाळाने मऊ झालेला.
तिथून वर गवतात चालत राहिलो.

“थांबा,” ती म्हणाली.
गवताच्या मुळांशी पाणी लाल होतं,
मूठभर लाली, हलणारी, आत-बाहेर होणारी,
शेकडो पिलं, काडीएवढी,
आणि त्यांच्याखाली काळा, न हलणारा, तो.
माझ्या बुटाकडे पाहत.

मागे फिरताना पावलं मोजली. बेचाळीस.
बसच्या तिकिटाच्या मागे लिहून घेतली,
अक्षर हललं.
घरी पोचेपर्यंत शाई पसरली होती.